रिकामी ओळ

मृत्युपत्रात एकच ओळ भरायची राहिली होती: आम्ही दोघं एकदम गेलो, तर चार वर्षांच्या चिमीला कोण सांभाळणार?

बायको म्हणाली, "तुझा भाऊ नको. तो स्वतःच्या मुलाला बागेत विसरून आला होता."

मी म्हणालो, "आणि तुझी बहीण? ती कुत्र्याला अहो-जाहो करते आणि मुलांवर खेकसते."

तासाभराने वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग दोघं एकदम मरू नका."

त्या वैतागून बोलल्या होत्या, आम्ही ते मनावर घेतलं. तेव्हापासून आम्ही दोघं एका वाहनात बसत नाही. एकजण चिमीला घेऊन स्कूटरवर, दुसरा मागून बसने.



आज हेल्मेट घालून घेताना चिमीने विचारलं, "बाबा, आज मरायची पाळी तुझी की आईची?"