उघड्या पोटाचा ‘जी’

“अक्षर म्हणजे अक्षर,” सार्जंट थर्स्टन तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ऑस्बर्नने हातातली लेखणी मेजावर आपटली. शाईचे शिंतोडे एका अर्धवट मृत्युपत्रावर उडाले. म्हणजे आता ते पानही पहिल्यापासून लिहिणं आलं.

सेंट पॉलच्या मागच्या गल्लीत ऑस्बर्नचा लेखनाचा गाळा होता. चाळीस वर्षं तो लोकांची मृत्युपत्रं, करारनामे, प्रार्थनेची पुस्तकं लिहून देत होता. लंडनमधला कोणता कागद कुणी लिहिला, हे तो नुसतं पाहून सांगतो, असं सगळे म्हणत. म्हणून तर सार्जंट आला होता. रविवारी चर्चच्या दारावर कुणीतरी एक कागद ठोकला होता. नगरशेठ लोव्हेनच्या पिठात वाळू असते, असं त्यावर लिहिलं होतं. वाळू असतेच, हे गल्लीतल्या प्रत्येकाच्या दातांना ठाऊक होतं. पण नगरशेठला लिहिणारा माणूस हवा होता, आणि सार्जंटने हॅमोला धरलं होतं. हॅमो हा एक गरीब, खोकणारा नकलनवीस. दारू प्यायला की नगरशेठला शिव्या द्यायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

शिक्षा ठरलेली होती. एक दिवस चौकात मान खोड्यात अडकवून उभं राहायचं आणि त्यानंतर जन्मभर या शहरात लेखणी धरायची नाही.

हॅमोने हे लिहिलेलं नाही, असं ऑस्बर्न तासभर सांगत होता. हॅमोने केलेली एक नक्कल त्याने दारावरच्या कागदाशेजारी मांडली होती. सार्जंट दोन्हींकडे गाईसारखा शांतपणे बघत होता. शेवटी तो म्हणाला की त्याला वाचता येत नाही.

“वाचायचं नाहीये हो, बघायचंय!” ऑस्बर्न कळवळून म्हणाला. “हे अक्षर बघा. ‘जी’. याला दोन पोटं असतात, एक वर, एक खाली. हॅमो खालचं पोट नीट मिटवतो. इथं ते उघडंच राहिलंय आणि रेघ डावीकडे उडालीय. माणूस चेहरा लपवेल, हा झटका लपवू शकणार नाही.”

सार्जंटने मान डोलावली आणि हॅमोचंच अक्षर उघडं आहे ना, असं विचारलं. ऑस्बर्नने कपाळाला हात लावला. त्याने सार्जंटचं जाडजूड बोट धरलं आणि ते आधी हॅमोच्या ‘जी’वरून फिरवलं, मग दारावरच्या कागदावरच्या ‘जी’वरून. वरचं पोट, कंबर, खालचं पोट, आणि तो डावीकडचा झटका.

झटक्यापाशी त्याचा हात थांबला.

हा झटका तो आठ वर्षं रोज पाहत होता. रोज त्यावरून ओरडत होता. कागद हॅमोचा नाही, एवढंच त्याने तासभर पाहिलं होतं. कुणाचा आहे, हे रागाच्या भरात पाहिलंच नव्हतं. आतल्या खोलीत त्याची मुलगी एव्हिस पानांवर रेघा आखत होती. तिच्या पट्टीचा आवाज इथवर येत होता.

“आलं लक्षात,” सार्जंट म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “मिटलेलं आणि उघडं. सोपं आहे की! मग असं उघडं कोण सोडतं?”

शहरात शेकडो लिहिणारे आहेत, असं ऑस्बर्न पुटपुटला. पण सार्जंटला आता गोडी लागली होती. तो उठला आणि दोरीवर वाळत घातलेली पानं एकेक करून न्याहाळू लागला. सात पानं होती. शेवटची दोन एव्हिसची.

आपलंच चुकलं, कागद हॅमोचाच आहे, असं म्हणता आलं असतं. ऑस्बर्नच्या जिभेवर ते आलंही. सार्जंट चौथ्या पानापाशी पोहोचला होता.

“पानं सोडा,” ऑस्बर्न म्हणाला. “तो कागद मी लिहिलाय.”

आतला पट्टीचा आवाज थांबला. एव्हिस दारात आली. तिने तोंड उघडलं, पण ऑस्बर्नने तिच्याकडे असं पाहिलं की ती तशीच उभी राहिली. मग हॅमोसाठी तासभर घसा का कोरडा केला, असं सार्जंटने विचारलं. आपल्यापायी दुसऱ्याची मान खोड्यात जाऊ नये म्हणून, ऑस्बर्न म्हणाला.

सार्जंटने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि तोच मजकूर लिहायला सांगितलं.

ऑस्बर्नने लेखणी बुडवली. चाळीस वर्षांत त्याने मुद्दाम एकही अक्षर वाईट काढलं नव्हतं. हात ऐकेना. पहिल्या ‘जी’चं पोट मिटायलाच निघालं होतं, त्याने ते ओढून उघडं ठेवलं. पुढचे सोपे गेले. लिहून होईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

सार्जंटने दोन्ही कागद खिडकीशी नेले. एका ‘जी’वरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. बराच वेळ तो तिथेच उभा होता.

“जुळतंय,” तो म्हणाला. “चला, मास्तर.”

ऑस्बर्नने टोपी घातली. एव्हिस रडत होती. तिच्याकडे न बघता तो उंबरठा ओलांडून बाहेर पडला. दोघं गल्लीच्या वळणापर्यंत आले. मग सार्जंटने ऑस्बर्नने आत्ता लिहिलेल्या कागदाची घडी घालून ती ऑस्बर्नच्या हातात दिली आणि शेगडी दिसली की आत टाका, असं सांगितलं.

“तुमचं ते पोटाचं अक्षर जुळलं,” तो हळूच म्हणाला. “पण दुसरं एक आहे, त्याचं नाव मला ठाऊक नाही. दारावरच्या कागदावर त्याला टोकदार सुळे आहेत. तुमचे गोल आले. नगरशेठनी मला एक माणूस आणायला सांगितलंय, मास्तर. तुमच्या घरात आणखी कोण लिहितं, हे विचारायला सांगितलेलं नाही.”