आतल्या बाजूचा कारागीर

लेकीच्या लग्नाचा सोफा दुपारपर्यंत हिमायतनगरच्या हॉलवर पोचवायचा होता, आणि नेमकी स्टेपल गनमध्ये पिन अडकली. उमाजींनी शिस्तीत आधी हवेची नळी काढली, वाकडी पिन उपसली, गनला थेंबभर तेल पाजलं.

ठक, ठक, ठक. आवाज सोफ्याच्या आतून येत होता.

गन तर उमाजींच्या हातात होती. सोफ्यात नुसता फोम होता. तरी पाठीवरची लाल मखमल आपोआप चापून बसत होती, आणि पिनांची ओळ उमाजींच्या ओळीपेक्षा सरळ होती. तीस वर्षांत असा कारागीर त्यांना अंबरपेठेत मिळाला नव्हता.

“वेळेत होतंय बघ,” ते खुशीत बायकोला म्हणाले.

“मग चहा विचारा की त्यांना,” सावित्रीबाई म्हणाल्या. “साखर किती चमचे?”

आतून दोनदा ठक झालं.