कुंडीतलं डोरलं

"हात काढ बाहेर!" म्हणत सोनाजी मुकादमानं नर्मदाबाईच्या मनगटावर काठी हाणली.

ती कळवळली, पण हात तिनं काढला नाही. सकाळचे आठ वाजले होते. हिंगोलीच्या त्या गल्लीत पालिकेची बैलगाडी कचरा न्यायला येऊन उभी होती, आणि ही बाई कुंडीत कोपरापर्यंत शिरलेली.

"मुकादमदादा, पाया पडते. केरासंगं माझं डोरलं गेलं."

"गेलं ते गेलं. कुंडीत पडलं की पालिकेचं झालं. पाटी वाच."

"वाचता येत न्हाई मला."

"मंग आयक. हात काढ!"

सोनाजी खोटं बोलत नव्हता. गावचा केर खड्ड्यात कुजवून पालिका खत करायची, म्हणून कुंडीतल्या काडीवरसुद्धा तिचाच हक्क. मागच्या महिन्यात त्यानं एका म्हातारीला तिची फुटकी घागर परत काढू दिली होती. साहेबानं आठ दिवस घरी बसवलं आणि वर दम भरला, पुन्हा असं झालं तर कायमचा घरी. सोनाजीच्या घरात पाच तोंडं खाणारी. तो कशाला दया दाखवतो?

आरडाओरडा ऐकून गल्ली जमली. शेजारची गोजरबाई पुढं आली आणि नर्मदाबाईकडं बघून मटकन खालीच बसली.

"अगं बाई! गळा मोकळा!"

बाप्ये माणसांनी माना फिरवल्या. नवरा घरात असलेली बाई भर रस्त्यात मोकळ्या गळ्यानं उभी म्हटल्यावर कोण तोंड वर करून चौकशी करणार?

"मालक उठायच्या आत घावलं पायजे," ती म्हणाली. "न्हाई तं मला जित्ती ठेवायचे न्हाईत."

हे तर सगळ्यांना पटलं. तिचा डावा डोळा कालचाच सुजलेला होता. तिचा नवरा तातेराव मूळचा साखऱ्याचा, शेत तिकडं, बिऱ्हाड इथं. पोळ्याच्या दिवशी त्यानं तिला झिंज्या धरून रस्त्यावर ओढत आणलं होतं, आणि ही सगळी शूर माणसं दारं लावून आत बसली होती. त्याची लाज होतीच मनात. आज ती सोनाजीवर निघाली.

"काढू दे तिला," पिठाच्या गिरणीवाला ग्यानोबा गुरकावला.

"साहेबाची चिठ्ठी आण."

"काहून? डोरलं काय तुझ्या साहेबाच्या बापाचं हाय?"

सोनाजीनं ऐकलं नाही. त्यानं नर्मदाबाईला दंडाला धरून हिसडा दिला. ती तोल जाऊन कुंडीच्या कडेवर आपटली आणि कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं.

मग काय विचारता! ग्यानोबानं काठी हिसकली आणि सोनाजीच्याच पाठीवर मोडली. बाकीचे तुटून पडले. कुणी लाथा घातल्या, कुणी तोंड केरात दाबलं. दोन दात पडले. एकानं दगड उचलून गुडघ्यावर घातला, तेव्हा कडकन आवाज झाला.

"नोकरी जाईल रे माझी!" सोनाजी ओरडत होता. पाय मोडला होता आणि त्याला पडली होती नोकरीची! एवढं होऊनही कुणाचा हात थांबला नाही. गाडीवाला बैल सोडून पळाला.

इकडं बायांनी पदर धरून नर्मदाबाईभोवती आडोसा केला. ती दोन्ही हातांनी उपसत होती. राख, कांद्याची सालं, बांगड्यांच्या काचा. बोटं कापली तरी थांबली नाही. मग एकदम तिची मूठ मिटली आणि पदराखाली गेली.

"घावलं, माय! घावलं!"

बायांनी डोळे पुसले. गोजरबाईला तर हुंदका आवरेना.

"आण, मी बांधते."

"न्हाई काकू. केरातलं हाय. घरी धुते, देवापुढं बांधते."

"व्हय गं, बराबर हाय. जाय लवकर, तो उठायच्या आत."

रस्त्यात सोनाजी कण्हत पडला होता. त्याला वळसा घालून ती घरी आली आणि आतून कडी लावली.

देवळीतलं डोरलं तिनं उचललं आणि गळ्यात घातलं.

तातेराव बाजेवर पहाटे होता तसाच होता. मिशीतला फेस वाळला होता. तिनं पदराखालून कपाशीवर फवारायच्या एंड्रिनची मुठीत मावेल एवढी रिकामी बाटली काढली, पुसली आणि त्याच्या हातात दिली. ताठरलेली बोटं तिनं जोर लावून एकेक करून बाटलीवर वळवली.

मग दार सताड उघडून तिनं हंबरडा फोडला, "धावा वो! मालकानं औषीद घेतलं!"