एकदाच, पण जीव ओतून

"शनिवारी दुपारच्या भोंग्यापर्यंत कारखान्यातून बोलावणं आलं नाही, तर तुला ढकलगाडीत बसवून अख्खा मेन स्ट्रीट फिरवीन!" बार्नी क्विग्ली म्हणाला. गालांवर साबण, मान मागे, तरी तोंड चालूच.

"आणि आलं, तर मी तुला फिरवीन," ओटो न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "साक्षीला आहात ना रे सगळे?"

सगळं दुकान खिदळलं.

कारखाना फोनोग्राफवर वाजणाऱ्या, गाणी भरलेल्या मेणाच्या नळ्यांचा. गाणाऱ्यासमोर चार कर्णे, चार यंत्रं. एकदा गायलं की चारच नळ्या भरायच्या. म्हणून बार्नी एकच गाणं दिवसाला चाळीसदा गायचा. अकरा वर्षं. गेल्या महिन्यात एका नळीच्या हव्या तितक्या नकला ओतणारे साचे आले. मुकादम म्हणाला, आज एकदाच गा, पण जीव ओतून. बार्नीनं ओतला. असा तो जन्मात गायला नव्हता. आता त्या एका नळीवरून हजारो निघत होत्या आणि बार्नी घरी बसला होता.

"साचा झिजतो," बार्नी म्हणाला. "झिजला की झक मारत बोलावतील."

"गाढवा, मग गाताना एकदा तरी खोकायचंस! थोडं बेसूर व्हायचंस! जन्मभर बोलावत बसले असते," ओटो म्हणाला.

"बेसूर? मी?" बार्नीला ते खरंच लागलं.

शनिवारी भोंगा झाला. बोलावणं नाही. ढकलगाडीत ओटो, उंच टोपी घालून, राजासारखा हात हलवत. ढकलायला बार्नी, मागे सगळी गल्ली.

"मालक, गाढव बदला, हे थकलंय!" खाटीक ओरडला.

बँकेपाशी ओटोनं वळून बार्नीचा चेहरा पाहिला. त्याचं हसू गेलं. "पुरे रे. उतरतो मी."

"बस खाली. पैज म्हणजे पैज." आणि बार्नीनं गाणंच सुरू केलं, तेच, खड्या आवाजात.

नव्यानंच राहायला आलेली एक बाई धावत घराच्या दारात आली. गाणं संपेपर्यंत थांबली, मग टाळ्या वाजवल्या.

"आमच्या फोनोग्राफवर आहे हे! अगदी त्या नळीवरच्या गायकासारखं गाता हो. फक्त शेवटचा सूर तो जरा वर नेतो. मेहनत घ्या, जमेल तुम्हाला."

"घेतो, बाई," बार्नी म्हणाला.

त्यानं गाडी उचलली. अजून अर्धा रस्ता बाकी होता.