लाल ठिपक्याचं बटण

“आई, हे बटण. दाबलं की पडद्यावर जसं दिसतंय तसं चित्र साठतं. लाल ठिपका दिलाय, चुकायचं नाही.”

ठिपक्याचा रंग सुनेने सासऱ्यांच्या जुन्या डबीतून घेतला होता. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात असा स्थिर, की अक्षर छापल्यासारखं उतरायचं. फक्त मागे कोणी बघत उभं राहिलं की ब्रश खाली ठेवत. “तुमचं बघून होऊ द्या, मग रंगवतो,” म्हणत. आता त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. हात मांडीवर पडून असायचा, परक्याचा असल्यासारखा.

सासूबाईंनी त्याच दिवशी नेम धरला. सकाळी अकराला परदेशातल्या मुलाशी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करायचा, आणि तो बंद करण्याआधी एक चित्र. एक दिवस चुकला नाही. ताप होता तेव्हाही शाल गुंडाळून बसल्या.

नेमाला शिस्तही कडक. त्यांची खुर्ची फरशीवरच्या खडूच्या खुणेवरच हवी. बाबांची चाकांची खुर्ची मागे, खिडकीपाशी. बाबांकडे पाठ करून त्या लेकाशी बोलत. शेवटी म्हणत, “आता बाबांना हात कर.” त्याआधी सुनेला न चुकता आत पाठवत.

“माझाच नवरा, आणि मलाच बंदी!” सून एकदा म्हणाली.

“संध्याकाळचा तुझा की गं. सकाळचा मला राहू दे,” सासूबाई हसून म्हणाल्या.

संध्याकाळी फोनवर नवऱ्याला विचारलं, तर तोही नुसता गालात हसला. सुनेला थोडं लागलं. पण मनात कौतुकच जास्त. सत्तरीत कॉम्प्युटर शिकायचा आणि लेकाचा चेहरा रोज असा जपून ठेवायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. चित्रं तारखेवार लावून देताना तिला एकात नुसती रिकामी खुर्ची दिसली.

“आई, हे काढून टाकू? यात ते नाहीतच.”

“त्याचं दार वाजलं. हात करून उठला तो. राहू दे, माझा नेम आहे.”

बाबांचा व्यायाम घ्यायला दवाखान्यातून एक बाई येत. तीन महिने झाले त्या दिवशी त्यांनी बाबांचा हात उचलून धरला आणि सोडला. तो धपकन मांडीवर पडला.

“काकू, स्पष्ट बोलते. माझ्यासमोर यांचं बोटसुद्धा हललेलं नाही. दवाखाना म्हणतो, सुधारणा दाखवा, नाहीतर व्यायाम बंद. उद्यापासून ही वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल.”

बाबांनी मान खिडकीकडे वळवली. व्यायाम थांबला की हात कायमचा गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “पाच मिनिटं बसा. सूनबाई, माझी चित्रं लाव. पहिल्यापासून, भराभर.”

सून ओशाळली. ही काय वेळ होती? तरी तिने लावली. लेक हसतोय. लेक चहा पितोय. लेकाची दाढी वाढली, लेकाने दाढी केली. रिकामी खुर्ची.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “काकू, मुलगा छानच आहे हो तुमचा. पण...”

“मुलाकडे नका बघू,” सासूबाई म्हणाल्या. “खाली कोपऱ्यात आपलं घर दिसतं ना, त्या चौकटीत बघा. माझ्या खांद्यामागे.”

सून पुन्हा पहिल्या चित्रावर गेली. त्या इवल्याशा चौकटीत बाबांचा उजवा हात मांडीवर होता. तिसाव्या चित्रात खुर्चीच्या दांडीवर. साठाव्यात छातीशी. आणि कालच्या चित्रात तो कानाच्याही वर गेला होता, पाचही बोटं उघडी.