काळं चालतं का?

हिमानीच्या पत्राला निरापदबाबूंनी उत्तर दिलं नव्हतं, ते एका काळ्या फुलपाखरामुळे.

ती नदीपलीकडच्या शाळेत शिकवायची, हे अलीकडच्या. पत्र छोटंसं होतं. ‘काल खाडीकाठी तुम्ही झाडांची नावं सांगत होतात, तेव्हा माझ्या खांद्यावर फुलपाखरू बसलं. ज्याच्या अंगावर बसतं त्याचं लग्न ठरतं म्हणतात. पण हे काळं होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं. काळं चालतं का?’

अर्धवट माहितीवर उत्तर कसं द्यायचं? निरापदबाबूंनी पुस्तकं मागवली. नाव सापडायलाच काही वर्षं गेली. ते खारफुटीतच राहतं, फार थोडी उरलीत, एवढं कळलं. काळं चालतं का, ते मात्र कुठेच नव्हतं.

बाजारच्या होडीत हिमानी भेटे. “काय म्हणतायत पुस्तकं, निरापदबाबू?”

“शोधतोय,” ते खाली बघत म्हणत.

दोघंही एकेकटी म्हातारी झाली. मोठ्या वादळात खारफुटी आडवी झाली आणि फुलपाखरूही दिसेनासं झालं. गावच्या बायकांनी बांधाबाहेर नवी रोपं लावली. निरापदबाबू ओहोटीला तिथे जाऊन बसत. दुर्गापूजा झाली की हिमानी भाच्याकडे कोलकात्याला जाणार होती, कायमची.

आज ते फुलपाखरू आलं. तिवराच्या रोपांवरून डुलत डुलत येऊन थेट त्यांच्या चष्म्याच्या दांडीवर बसलं. त्यांनी श्वास रोखला.

चिखलात रोपं लावणाऱ्या बायकांतून खांतोपिशी, साऱ्या गावाची आत्या, ओरडली, “अगं बघा गं, मास्टरमोशायांचं लग्न ठरलं! मिठाई कधी?”

बायका खिदळल्या.

“पण काळं आहे, पिशी,” ते न हलता पुटपुटले. “काळं चालतं का, असं एकीने विचारलं होतं. पत्रातून. मी अजून शोधतोय.”

खांतोपिशीने हातातलं रोप खाली ठेवलं.

“अहो मास्टरमोशाय, पोरगी फुलपाखराचं विचारत नव्हती हो.”

निरापदबाबू तसेच चिखलाच्या पायांनी पोस्टात गेले. कार्ड घेतलं. सवयीने फुलपाखराचं लांबलचक शास्त्रीय नाव लिहिलं आणि खोडलं. उघडं कार्ड, पोस्टमन वाचणार, गावभर सांगणार, हे ठाऊक असूनही मोठ्या अक्षरांत लिहिलं,

‘काळंच चालतं. आज माझ्यावर बसलं.’

आणि कार्ड पेटीत सोडलं.