पायाकडून काढलेला बाप

२०२३ सालची होळी नुकतीच झाली होती. अकोल्यात प्रदर्शनासाठी भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये भावनाने बापाचं चित्र त्या सकाळी पहिल्यांदाच सबंध उलगडलं.

अमरावतीच्या घरी ते सबंध कधी मावलंच नव्हतं. बाजेवर उताणा पडलेला बाप, खऱ्याच्या तिप्पट. कागदही तिने घरीच केला होता. जिनिंगमधला वाया गेलेला कापूस आणि बापाच्या एसटीतल्या जुन्या खाकी कपड्यांच्या चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, पसरून वाळवायच्या. रेघा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या कोळशाने, सावल्या काळ्या मातीने. खोली लहान, म्हणून कागदाची गुंडाळी थोडी उघडायची, तेवढाच भाग काढायचा आणि तो गुंडाळून पुढचा उघडायचा. सुरुवात पायांपासून.

"पायच काढ पहिले," तिचा बाप देवराव तेव्हा म्हणाला होता. "तोंड पाहून लोक पयतीन."

मापं दोरीने घ्यायची. दोरीचं एक टोक भावनाच्या हातात, दुसरं तिच्या आईच्या, केशरबाईच्या. अंगावर दोरी धरायची, तिप्पट करायची, कागदावर खूण करायची.

आता केशरबाई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन भिंतीशी बसली होती. भावनाचा कॉलेजातला मित्र गोवर्धन शिडीवरून खिळे ठोकत होता, आणि समोरच्या भिंतीवर नवरा उलगडत चालला होता.

पावलं आली. भेगांसकट, जॅक पडून काळ्या झालेल्या नखासकट. तेव्हा गणपती होते आणि देवराव दोन भाकरी खाऊन तिसरीकडे पाहायचा. पोटऱ्या आल्या. मग गुडघे, मांड्या. ते दिवाळीतले. पुढचं पाहायचं केशरबाईच्या जिवावर आलं.

दसऱ्याला दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. भावनाला तेवढंच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात देवरावाच्या पोटात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी मान हलवली. बसस्टँडवर देवरावाने बायकोचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "पोट्टीले सांगजो नोको. अकोल्याचं होऊ दे तिचं. नाहीतर कागद टाकून दवाखाने करत बसन."

दिवाळीनंतर दोरी आखूड भरायला लागली. पोरीला कळू नये म्हणून केशरबाई एकदा आपलं टोक बोटभर ढिलं सोडत होती. बाजेवरून देवराव पुटपुटला, "ताण, केशर. मापात खोटं नोको करू. तिचं काम आहे ते." तिने ताणली. त्यानंतर रोज ताणली.

कंबर आली. बरगड्या आल्या, गळा आला. सगळ्यात शेवटी चेहरा.

गोवर्धन शिडीवरूनच मागे वळून पाहत म्हणाला, "भावना, हे भारी केलं बरं तू. पायाकडून येता येता माणूस कसा आटत गेला. मुद्दाम केलं न?"

भावना हॉलच्या मधोमध उभी होती. ती हसली नाही. चेहऱ्यापासून पायांपर्यंत चालत गेली. पुन्हा पायांपासून चेहऱ्यापर्यंत आली. मग वळून तिने दाराजवळ पाहिलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत देवराव बसला होता. बाहेर ऊन तापलं होतं आणि त्याच्या अंगात स्वेटर होता.

"माय," ती म्हणाली, "दोरी तूच धरत होती न?"

केशरबाईने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तिले काही बोलू नोको," देवराव म्हणाला. "म्याच शपथ घातली होती."

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

भावना त्याच्यापुढे जमिनीवर बसली. त्याच्या स्वेटरची बाही तिने मनगटापासून वर सारली, आणि त्याचा हात तसाच धरून राहिली. "मी रोज तुमच्याकडेच पाहून राहिली होती, बाबा. रोज. अन् मले दिसलं नाही."

"दिसलं नसतं त कागदावर कसं आलं असतं, बेटा?"

तिला रडू आलं ते आवाजाशिवाय. गोवर्धन शिडीवर हातोडी धरून तसाच राहिला. त्याला उतरावं की थांबावं कळेना.

"ऊठ आता," थोड्या वेळाने देवराव म्हणाला. "लोक येतीन. तोंड धुऊन ये. अन् माहा हात सोड, तुह्या कोळशानं काळा झाला."

लोक आले. वाखाणून गेले. पेपरवाल्याला बापलेकीचा फोटो हवा होता. देवराव काठी टेकत गेला आणि चित्राच्या पायांकडे उभा राहिला.

एप्रिल संपता संपता तो गेला. गोवर्धनाने अकोल्यातच बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. भावना भेटली की तो चहा पाजतो, त्या सकाळचा विषय काढत नाही. भावना अमरावतीला शिकवणी घेते. चित्रं काढते, पण वहीच्या पानाएवढी. एका बैठकीत माणूस पुरा झाला पाहिजे, असं तिचं असतं.

गुंडाळी घरीच, बाजेखाली असते. दुपारी कोणी नसलं की केशरबाई ती ओढून काढते आणि पायाकडून उघडत जाते. एकदा शेजारची सुभद्रा येऊन बसली. मांड्यांपर्यंत उघडून केशरबाई थांबली, तशी ती म्हणाली, "पुढं उघड न व. भाऊजीचं तोंड त पाहू दे."

केशरबाईने गुडघ्यावरची सुरकुती तळहाताने सारखी केली.

"मी दिवाळीपर्यंतच उघडते," ती म्हणाली.